नाकाच्या शेंड्याचा खांब कशावर उभा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यातली २६ वर्षांची मुलगी. सात वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून नाकाला मार लागला, तेव्हा नाकाचा वाकडा पडदा, म्हणजे दोन नाकपुड्यांमधली आतली भिंत, सरळ करण्याचं ऑपरेशन झालं. आता नाकाचा शेंडा खाली आलाय, हसताना आणखी खाली जातो, डाव्या नाकपुडीतून श्वास कमी येतो. एका डॉक्टरांनी सांगितलं, कानाची कूर्चा, म्हणजे आपण ज्याला मऊ हाड म्हणतो ते, काढून मध्ये छोटा खांब घालू, भागेल. दुसऱ्यांनी सांगितलं, बरगडीची कूर्चा लागेल. भाऊ विचारतो की खरं कोणाचं? घातलेली कूर्चा विरघळते का? आणि लग्न आठ महिन्यांवर आलंय, त्याआधी करावं का?

दोघांपैकी कोणी चुकीचं सांगत असेलच असं नाही. बऱ्याचदा दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. एक जण म्हणतो "शेंडा आहे तिथे टिकवायचा", दुसरा म्हणतो "शेंडा पुढे आणून तिथेच बांधायचा". या दोन कामांना लागणारी कूर्चा वेगळी, तिचा जोर वेगळा. तेव्हा ग्राफ्टच्या, म्हणजे दुसरीकडून काढून इथे बसवायच्या तुकड्याच्या, नावापेक्षा आधी एवढं पाहा की तो ग्राफ्ट कशावर उभा राहणार आहे.

नाकाच्या वरच्या भागात हाड असतं, शेंड्यात नसतं. शेंडा उभा असतो तो कूर्चेवर. दोन्ही बाजूंना एकेक कमानीसारखी कूर्चा असते. तिची आतली दांडी दोन नाकपुड्यांमधल्या खांबात उतरते, याला कॉल्युमेला म्हणतात. बाहेरची दांडी नाकपुडीच्या वरून गालाकडे जाते. आतल्या दोन दांड्या मिळून एक पाय आणि बाहेरचे दोन, अशी तिवई होते. जॅक अँडरसन या अमेरिकी सर्जनने १९६९ मध्ये ही तिवईची कल्पना मांडली आणि अजूनही पहिला हिशेब तिच्यावरच होतो. मधला पाय आखूड किंवा लेचापेचा झाला की शेंडा खाली येतो. बाहेरचे पाय आखूड केले की शेंडा वर वळतो. ते फार लांब असले तर शेंडा पुढून खाली ढकलला जातो.

पण ही तिवई हवेत नसते. आतल्या दांड्यांची टोकं पडद्याच्या पुढच्या कडेला धरून असतात. बाहेरच्या दांडीची वरची कड तिच्या वरच्या कूर्चेत अडकलेली असते. दोन्ही कमानींच्या माथ्यांना एक बंध जोडतो. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरासारखंच आहे हे. वरची पांढरी माती कितीही चांगली चोपली, तरी खांब खचला की तुळई झुकते आणि छत पोटात येतं. नाकाच्या पडद्याची पुढची कड हा तो खांब. पडद्याच्या ऑपरेशनमध्ये ही कड गरजेपेक्षा जास्त कापली गेली, किंवा नाकाच्या तळाशी असलेल्या हाडाच्या टोकावरून सुटून पुन्हा बांधली गेली नाही, तर दोन-चार वर्षांत शेंडा हळूहळू बसतो. प्रश्नातल्या मुलीच्या बाबतीत पहिला संशय इथेच घ्यायला हवा.

तो तपासायला यंत्र लागत नाही. बोटाने शेंडा हलकेच आत दाबायचा. चांगला शेंडा रबरासारखा बोटाला उलटा जोर देतो आणि सोडताच जागेवर येतो. आधार गेलेला शेंडा थेट आत जातो, आणि बोट काढल्यावर सावकाश, अर्धवट वर येतो. मग कॉल्युमेला चिमटीत धरून पुढे ओढायची आणि तिच्यामागे पडद्याची कड लागते का ते चाचपायचं. लागत असेल तर ती मधोमध आहे की एका नाकपुडीत सरकली आहे, हे पाहायचं. शेवटी हसायला सांगायचं. वरच्या ओठातून शेंड्याला खाली ओढणारा एक छोटा स्नायू असतो. निव्वळ त्याच्यामुळे शेंडा झुकत असेल, तर बसल्या जागी, न हसता, शेंडा ठीक दिसतो. इथे तो न हसताही खाली आहे, म्हणजे दोष स्नायूपुरता नाही.

बाजूच्या फोटोवर दोन मापं घेतात. ओठ आणि कॉल्युमेला यांच्यातला कोन बायकांत साधारण ९५ ते ११० अंश आणि पुरुषांत ९० ते ९५ अंश धरतात. शेंडा चेहऱ्यापासून किती पुढे आहे, हे नाकाच्या लांबीच्या ०.५५ ते ०.६० पट असावं, असा एक ठोकताळा आहे. ही मापं आंधळेपणाने लावू नयेत. आपल्याकडच्या पुष्कळ नाकांत कातडी जाड, आतली कूर्चा पातळ आणि कॉल्युमेला आखूड असते. पुस्तकातला कोन गाठायच्या नादात शेंडा वर वळवला, तर समोरून नाकपुड्यांची भोकं दिसायला लागतात, आणि ते घरच्यांना आधीच्या झुकलेल्या नाकापेक्षा वाईट वाटतं.

आता पहिल्या डॉक्टरांचा खांब. याला कॉल्युमेलर स्ट्रट म्हणतात. साधारण २० ते २५ मिलिमीटर लांब, ३ ते ४ मिलिमीटर रुंद आणि दीड-दोन मिलिमीटर जाड असा कूर्चेचा सरळ तुकडा आतल्या दोन दांड्यांच्या मध्ये बसवतात. कॉल्युमेलाच्या सर्वात अरुंद जागी उलट्या व्हीसारखा छेद घेतला जातो, नाकपुडीच्या आतल्या कडेने तो पुढे नेतात आणि कातडी वर उचलतात. दोन्ही आतल्या दांड्या सोडवून त्यांच्या मधून खाली हाडाच्या टोकाच्या दिशेने एक खिसा करतात. हा खिसा हाडापर्यंत नेत नाहीत, मध्ये दोन-तीन मिलिमीटर मऊ मांस राखतात. स्ट्रट हाडावर टेकला, तर हसताना आणि ओठ हलवताना तो हाडावरून घसरतो, टक्-टक् असं जाणवतं, आणि तो पेशंटच्या डोक्यातून जात नाही. मग दोन्ही दांड्या सारख्या उंचीवर आणून २७ नंबरच्या सुईने आरपार टोचून धरतात आणि ५-० पीडीएस या सावकाश विरघळणाऱ्या धाग्याच्या दोन-तीन टाक्यांनी स्ट्रटला शिवतात. वर राहिलेलं टोक कमानींच्या माथ्याखाली छाटतात.

काम दिसायला सोपं आहे, पण इथेच चार गोष्टी बिघडतात. एक दांडी दुसरीपेक्षा मिलिमीटरभर वर शिवली गेली तर दोन नाकपुड्या वेगळ्या आकाराच्या दिसतात. स्ट्रट वाकडा असला तर शेंडा त्याच्या मागे जातो. वरचं टोक जास्त ठेवलं तर दोन माथ्यांमध्ये खुंटीसारखं दिसतं. जाड तुकडा घातला तर कॉल्युमेला रुंद होते आणि श्वासाची वाट कमी होते.

याहून मोठी मर्यादा वेगळी आहे. हा खांब तळखड्याशिवाय, मऊ मांसात उभा आहे. दांड्यांना तो सरळ आणि ताठ ठेवतो, शेंडा आहे तिथे टिकवायला मदत करतो, पण त्याला पुढे ढकलून धरत नाही. टेबलावर दिसलेली उंची सूज ओसरल्यावर आणि वण आवळल्यावर थोडी कमी होतेच. त्यात कातडी जाड असेल, तर तिच्या वजनाखाली आणखी. त्यामुळे पडद्याची कड शाबूत असलेल्या नाकात स्ट्रट हे चांगलं, कमी उपद्रवाचं काम आहे. पडद्याची कडच गेलेल्या नाकात निव्वळ स्ट्रटवर भिस्त ठेवली, तर सहा महिने सगळे खूश असतात आणि वर्षाने शेंडा पुन्हा खाली येतो. तो स्ट्रट कानाच्या मऊ, वळलेल्या कूर्चेचा असेल तर आणखी लवकर.

दुसऱ्या डॉक्टरांच्या मनात बहुधा सेप्टल एक्स्टेन्शन ग्राफ्ट असावा. १९९७ साली बर्ड हे सर्जन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नीट मांडला. यात कूर्चेची चपटी पट्टी पडद्याच्या पुढच्या कडेला पक्की बांधतात आणि तिवईचा मधला पाय त्या पट्टीला शिवतात. शेंडा किती पुढे, किती वर, हे त्या पट्टीच्या आकाराने ठरतं. आधार मऊ मांसावर राहत नाही, पडद्यावर जातो. जाड कातडी, कमजोर कूर्चा, आखूड नाक, दुसऱ्यांदा होणारं ऑपरेशन, अशा ठिकाणी याला पर्याय कमीच आहेत.

पण त्याची अट कडक आहे. ज्या पडद्याला बांधायचं, तो सरळ आणि मधोमध असला पाहिजे, आणि खालच्या हाडाच्या टोकाला घट्ट धरलेला असला पाहिजे. वाकड्या पडद्यावर बांधलेली पट्टी शेंड्याला वाकडेपणाच्याच दिशेने लांब नेते. दोन मिलिमीटरचा दोष शेंड्यापर्यंत पोचेपर्यंत पाचाचा दिसतो. म्हणून आधी पडदा सोडवून मध्यावर आणायचा, हाडाला छिद्र पाडून किंवा हाडावरच्या आवरणाला धरून बांधायचा, आणि मगच पट्टी लावायची. पट्टी पडद्याच्या एका बाजूला चढवली तर दोघांचा जोड निदान चार-पाच मिलिमीटरचा असावा आणि टाके एका ओळीत न घेता वर-खाली विखरून घ्यावेत, नाहीतर पट्टी बिजागरीसारखी फिरते. एका बाजूला चढवल्याने त्या नाकपुडीत जाडी वाढते, हेही लक्षात ठेवायचं. या मुलीचा डावा श्वास आधीच कमी आहे. तिथे पट्टी डावीकडे चढवण्यापेक्षा कडेला कड जुळवून दोन्ही अंगांनी पातळ पट्ट्यांची खपच्यांसारखी धरणी दिलेली बरी. वरच्या बाजूने पडद्याच्या दोन्ही अंगांना लांब स्प्रेडर ग्राफ्ट, म्हणजे पडदा आणि बाजूची कूर्चा यांच्यामध्ये बसवायच्या पट्ट्या, पुढे काढले, तर तेच या पट्टीला कैचीत धरतात आणि श्वासाचा अरुंद कोनही उघडतात.

याची किंमत म्हणजे ताठपणा. शेंडा आधीसारखा लवचीक राहत नाही. नाक दाबलं तर लाकडासारखं लागतं, हसताना वरचा ओठ काही महिने ओढल्यासारखा वाटतो. हे आधी सांगितलं असेल तर पेशंट चालवून घेतो. नंतर कळलं तर ती तक्रार होते.

एक तिसरी वाटही असते. पडद्याची कड मुळातच लांब असेल, तर ग्राफ्ट न घालता आतल्या दोन दांड्या त्या कडेवर दोन्ही बाजूंनी चढवून शिवतात, सुतार जशी खाच-जीभ जोडतात तशी. या मुलीत कड कमी झालेली असण्याची शक्यता जास्त, म्हणून ती इथे फारशी उपयोगाची नाही.

शील्ड आणि कॅप ग्राफ्टबद्दल मोबाईलवर बरंच काही दिसतं. शील्ड म्हणजे ढालीच्या आकाराचा, साधारण १० ते १२ मिलिमीटर लांबीचा, खाली निमुळता तुकडा. शीन यांनी १९७५ मध्ये तो प्रचारात आणला. कॅप म्हणजे माथ्यावर ठेवलेली छोटी टोपी. हे दोन्ही आकार देतात, शेवटचे एक-दोन मिलिमीटर वाढवतात, आधार देत नाहीत. खचलेल्या खांबावर ढाल लावली, तर ढालीसकट शेंडा खाली येतो. पातळ कातडीत त्यांच्या कडा सूज पूर्ण गेल्यावर उमटतात, म्हणून कडा पात्यासारख्या तासून वर कूर्चेचं आवरण किंवा कानशिलावरच्या स्नायूची पातळ झिल्ली पसरतात.

नाकपुडीची बाजू श्वास घेताना आत ओढली जात असेल, तर तिवईच्या बाहेरच्या पायाला आधार लागतो. गंटर आणि फ्रीडमन या सर्जनांचा १९९७ चा लॅटरल क्रुरल स्ट्रट हा त्यासाठी. ३ ते ४ मिलिमीटर रुंद आणि २० ते २५ मिलिमीटर लांब पातळ पट्टी बाहेरच्या दांडीच्या खाली, नाकाच्या आतल्या अस्तराच्या वर सरकवतात. आधी सलाइनमध्ये पातळ केलेलं भुलीचं औषध टोचून अस्तर फुगवून सुटं केलं, तर ते फाटत नाही. फाटलं तर ग्राफ्ट उघडा पडून सडतो. शेंडा बारीक दिसावा म्हणून बाहेरच्या दांडीची वरची कड छाटण्याची पद्धत आहे, पण किमान ६ ते ८ मिलिमीटर रुंदी शिल्लक राहिलीच पाहिजे. जुन्या काळी यापेक्षा जास्त छाटत. ती नाकं वीस वर्षांनी दोन्ही बाजूंनी चिमटल्यासारखी दिसतात.

कूर्चा आणायची कुठून? पहिली पसंती पडद्याचीच. सरळ, ताठ, त्याच जखमेतून मिळते. फक्त वरच्या आणि पुढच्या कडेला निदान १० मिलिमीटरची एल आकाराची चौकट सोडायची, जमलं तर १५. ही चौकट बारीक केली की नाकाची पाठ खोगिरासारखी बसते. अपघातात फुटलेल्या, आधी एकदा ऑपरेशन झालेल्या पडद्यात मात्र मधली कूर्चा गेलेली असते. दोन्ही बाजूंची अस्तरं एकमेकांना चिकटलेली सापडतात. कापसाच्या काडीने पडद्याच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी हलकं चाचपलं, की कूर्चा आहे की नुसतं अस्तर लपलपतंय, हे बऱ्यापैकी कळतं.

कानाची वाटी दुसरी. मुळात वळलेली आणि मऊ, शेंड्यावरच्या टोपीला किंवा नाकपुडीच्या कडेला उत्तम. खांब करायचाच असेल, तर दोन तुकडे पाठीला पाठ लावून शिवतात, म्हणजे दोघांचे वळण एकमेकांना खोडतात. कानाच्या मागून काढली तर वण लपतो. वाटीची बाहेरची कड आणि मधला आडवा वरंबा राखला, तर कानाचा आकार बदलत नाही. राखला नाही तर कान डोक्याला चिकटल्यासारखा होतो. काढल्यावर पुढून-मागून कापसाची गादी आरपार टाक्याने चार-पाच दिवस बांधतात, कारण तिथे रक्त साचलं तर कान फुगून जाड राहतो. बुगडीच्या भोकाला कधी पू होऊन कान सुजला असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. तो कान सोडून दुसरा घेतील.

बरगडीची कूर्चा तिसरी, पण ताकदीने पहिली. सहसा सहावी किंवा सातवी बरगडी, आणि उजवीकडची, म्हणजे नंतर छातीत दुखलं तर हृदयाचं की जखमेचं हा घोळ होत नाही. बायकांत छेद स्तनाखालच्या घडीत लपवतात. मागच्या बाजूचं आवरण तसंच ठेवून कूर्चा काढायची, मग खड्ड्यात सलाइन ओतून भूल देणाऱ्यांना फुप्फुस फुगवायला सांगायचं. बुडबुडे आले तर छातीच्या अस्तराला भोक पडलंय, ते तिथेच दुरुस्त करायचं. दहा-पंधरा दिवस खोकताना, कुशीवर वळताना दुखतं. नाकापेक्षा छातीच जास्त दुखते, असं पेशंट सांगतात.

बरगडीचा खरा दोष म्हणजे ती वाकते. गिब्सन आणि डेव्हिस यांनी १९५८ मध्येच याचं कारण दाखवलं. कूर्चेच्या बाहेरच्या थरात ताण असतो आणि तो सगळ्या बाजूंनी तोललेला असतो. एका बाजूने जास्त तासली की तोल मोडतो आणि पट्टी उरलेल्या सालीकडे वळते. म्हणून गाभ्यातून, दोन्ही बाजूंनी सारखं तासत पट्ट्या काढतात, त्या सलाइनमध्ये अर्धा तास ठेवतात, आणि ज्या वळल्या त्यांचा तुकडा दुसरीकडे वापरतात. या अर्ध्या तासाची घाई केली, की नाक तीन महिन्यांनी वाकडं दिसतं. चाळिशीनंतर बरगडीत चुना भरतो, ती तासताना भुगा होते. २६ व्या वर्षी ती अडचण सहसा नसते.

आता विरघळण्याबद्दल. स्वतःची कूर्चा सहसा विरघळत नाही. तिला रक्तवाहिन्या लागतच नाहीत, भोवतीच्या पेशींतून झिरपलेल्यावर ती जगते. ती नाहीशी होते ती तीन कारणांनी. फार ठेचली असेल, सतत हलत असेल, किंवा पू झाला असेल. सिलिकॉनचा तुकडा शेंड्यात घालून घेऊ नका. नाकाच्या पाठीवर तो काही काळ तगतो, पण शेंडा दिवसभर हलतो, आणि कातडी पातळ होऊन तो बाहेर येतो. "ऑपरेशन नको, इंजेक्शनने शेंडा वर करू" हेही टाळा. शेंड्यातल्या रक्तवाहिनीत फिलर, म्हणजे इंजेक्शनने भरायचं ते जेल, गेलं तर कातडी काळी पडते, आणि डोळ्याच्या वाहिनीपर्यंत पोचलं तर दृष्टी जाते.

कपाळाची कातडी वळवून नवं नाक करण्याची आपल्याकडची विद्या १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'ने कावसजी नावाच्या बैलगाडीवानाच्या चित्रासह छापली होती. ते ऑपरेशन पुण्याजवळचं. त्या विद्येत कातडी यायची, आतला सांगाडा येत नसे. आज आपण जे करतो, ते त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल आहे.

लग्नाचं. प्लास्टर सातव्या दिवशी निघतं, टाके पाच ते सात दिवसांत, डोळ्यांखालचं निळेपण दोन आठवड्यांत. पण शेंड्याची सूज सगळ्यात शेवटी जाते. पातळ कातडीत वर्षभर, जाड कातडीत दीड वर्षसुद्धा. आठ महिन्यांवर लग्न असेल तर करायला हरकत नाही, पण आता, पुढच्या महिना-दीड महिन्यात. दोन-तीन महिने आधी केलं, तर फोटोत नाक सुजलेलंच येईल. आणि दाबाची नथ नको. नाकपुडी दोन बाजूंनी चिमटून धरणारी ती नथ नव्या ग्राफ्टवर थेट दाब देते. किती महिन्यांनी घालायची ते डॉक्टरांना विचारा, आणि तेव्हाही दिवसभर नको, फोटोपुरती.

हंगामही पाहा. दसऱ्याच्या सुमारास घरी सोयाबीनची रास चालू असेल, तर त्या धुळीत ताजं नाक घेऊन बसू नये. उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा गेला की नाक आतून कोरडं पडतं, खपल्या धरतात, घामाने पट्टी सुटते. चालतं, पण मिठाच्या पाण्याचे थेंब दिवसातून चार-पाचदा घालावे लागतात. चष्मा सहा आठवडे नाकावर टेकवायचा नाही, कपाळाला चिकटपट्टीने टांगायचा. लहान लेकरू कडेवर घेऊ नका. ते मागे डोकं मारतं आणि एका धक्क्यात ग्राफ्ट सरकतो. मिसरी, तंबाखू, गुटखा, सिगारेट चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद. निकोटीनने कातडीचा रक्तपुरवठा आवळतो आणि कॉल्युमेलाच्या छेदाची कड काळी पडते. घरात मिसरी लावणाऱ्या बायका हे डॉक्टरांना सांगत नाहीत, म्हणून तुम्हीच विचारून सांगा.

तर या मुलीचं काय? प्रत्यक्ष न पाहता ठाम सांगता येत नाही. बोटाने दाबल्यावर शेंडा उलटा जोर देत असेल आणि पडद्याची कड मधोमध लागत असेल, तर स्ट्रट पुरेल. कड लागतच नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं ऐका. जुन्या ऑपरेशनचे कागद, विशेषतः ऑपरेशन नोट, शोधून काढा. त्यात पडद्याची किती कूर्चा काढली, पुढची कड बांधली का, हे लिहिलेलं असतं. नाक उघडल्यावर आत पडदा फुटलेला निघाला तर कानावर भागवणार की बरगडी घेणार, हे आधीच विचारा, आणि संमतीपत्रावर दोन्ही लिहून घ्या. छाती साफ करून झाकलेली असली, तर टेबलावर वेळ जात नाही. बरगडी लागली नाही, तर ते कापड तसंच काढून टाकतात.